लेबलाचा कागद किती सरकवावा?

गेल्या वर्षी आमच्या ग्रंथालयातील मराठी व कानडी पुस्तकांना नवी लेबले लावायचे ठरले आणि मी संगणक शिकवतो म्हणून छपाईचे काम माझ्याकडे आले. ब्राउझरमध्ये दाखलांकांची यादी द्यावी आणि लेबले बाहेर पडावीत, एवढीच अपेक्षा. त्यात माझी जी चूक झाली ती विद्यार्थिमित्रांना ठाऊक असावी, म्हणून हा लेख.

प्रथम एक गैरसमज दूर करू. ब्राउझरला ‘पान’ कळते, रीळ कळत नाही. एचटीएमएलमध्ये मोकळ्या ओळी घालून कागद पुढे ढकलू पाहणे व्यर्थ आहे. कागदावर खरा ताबा हवा असेल तर ब्राउझरने सर्व्हरवरील पीएचपी स्क्रिप्टला सांगावे आणि स्क्रिप्टने प्रिंटरच्या ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर प्रिंटरच्याच भाषेतील आज्ञा पाठवाव्यात. आमच्या प्रिंटरची भाषा टीएसपीएल. तिच्यात प्रत्येक आज्ञेची ओळ १३ व १० या संकेतांनी संपवायची असते. मी ते संकेत एकेरी अवतरणचिन्हांत लिहिले. तेथे पीएचपी त्यांचा अर्थ लावत नाही. तिरपी रेघ व अक्षर जसेच्या तसे पाठवते. प्रिंटर अर्धा दिवस ढिम्म! दुहेरी चिन्हे घालताच चालू झाला.

मराठी व कानडी जोडाक्षरे प्रिंटरच्या पोटातल्या टंकांत नव्हती. म्हणून प्रत्येक लेबल सर्व्हरवर चित्ररूपाने तयार करून पाठवले. लेबल ५० बाय २५ मि.मी.चे, प्रत्येक मि.मी.त ८ ठिपके. म्हणजे ४०० बाय २०० ठिपक्यांचे चित्र, १०,००० बाइट. हे सुरळीत झाले.

घोटाळा झाला तो कागद सरकवण्यात. दोन लेबलांमध्ये ३ मि.मी.ची फट असते. मी हिशेब केला, २५ अधिक ३ म्हणजे २८. उंची २८ मि.मी. आणि ‘गॅप’ शून्य, असे प्रिंटरला सांगितले. गॅप शून्य म्हटले की प्रिंटर कागद अखंड समजतो, फट पाहातच नाही, सांगितले तेवढे अंतर मुकाट्याने सरकतो. पहिली दहा लेबले सुरेख आली. मी निर्धास्त होऊन घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “सर, ही कानडी कादंबरी मराठीच्या कपाटात कशी?” लेबल पाहिले. ८९४.८१४ हा कानडी साहित्याचा वर्गांक तिच्यावर नव्हताच, तळाशी ८९१.४६ हा मराठीचा होता, म्हणजे यादीतल्या पुढच्या पुस्तकाचा. पट्टी घेऊन दहा लेबलांचे अंतर मोजले तेव्हा ते २८० नव्हे, २८१ मि.मी. भरले. एका लेबलामागे ०.१ मि.मी. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, पण ती साचत जाते. विसाव्या लेबलाशी वरचा २ मि.मी.चा समास संपला, पन्नासाव्याशी पहिली ओळ फटीत गेली आणि ऐंशीच्या पुढे ती आधीच्या लेबलावर जाऊन बसली.

२८ च्या जागी २८.१ घालावे, हा मोह मलाही झाला. पण रबरी रूळ थोडा घसरतो, आणि दुसऱ्या रिळाचे माप दुसरे. आकडा कितीही सूक्ष्म केला तरी चूक साचणारच, फक्त सावकाश. प्रिंटरमध्ये फटीसाठी सेन्सर असतो. खालून आलेला प्रकाश लेबल व पाठकागद या दोहोंतून कमी जातो, नुसत्या पाठकागदातून अधिक. या फरकावरून फट कळते. तेव्हा उंची २५ आणि गॅप ३ अशी खरी मापे दिली. नवे रीळ घातल्यावर ‘गॅपडिटेक्ट’ ही आज्ञा एकदा पाठवली, की प्रिंटर दोनतीन लेबले वाया घालवून फट ओळखायला शिकतो. पुढे प्रत्येक लेबलाला तो फटीवरून नव्याने मोजू लागतो आणि मागची चूक पुढे जात नाही. पारदर्शक लेबलांवर मात्र हा सेन्सर फसतो. त्यांच्यासाठी पाठीवर काळी खूण छापलेले रीळ घ्यावे आणि ‘गॅप’ऐवजी ‘बीलाइन’ ही आज्ञा वापरावी.

सगळी लेबले पुन्हा छापली. मात्र त्या ऐंशीच्या पुढच्या पुस्तकांपैकी दोन कानडी कादंबऱ्या अद्याप मिळालेल्या नाहीत. मराठीच्या कपाटात कोणास आढळल्यास ग्रंथपाल बाईंकडे आणून द्याव्यात.