यष्टिमधूचा गोडवा

कॉर्टिसॉल हे मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे संप्रेरक असून त्याचे प्रमाण सकाळी जाग येण्याच्या सुमारास सर्वाधिक आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी असते. त्यामुळे रक्त किती वाजता काढले हे सांगितल्यावाचून ‘तुमचे कॉर्टिसॉल वाढले आहे’ असे म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही. तरीही चूर्णांचा आणि गोळ्यांचा मोठा व्यापार याच वाक्यावर चालतो. त्याच्या जोडीला येणारी ‘अधिवृक्क थकवा’ ही संज्ञा १९९८ साली जेम्स विल्सन यांनी पुढे आणली. २०१६ मध्ये ५८ अभ्यास तपासणाऱ्या आढाव्याला तिच्यासाठी आधार सापडला नाही. विक्रेत्याला त्याचे सोयरसुतक नव्हते.

प्रस्तुत लेखिकेने घेतलेल्या डब्यावर अश्वगंधा, ब्राह्मी, शंखपुष्पी आणि यष्टिमधु अशी नावे होती. अश्वगंधेच्या बाजूने निदान काही पुरावा आहे, कारण २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, ६४ जणांवरील भारतीय चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम मुळाचा अर्क ६० दिवस घेणाऱ्या गटाचे कॉर्टिसॉल घटल्याचे दिसले होते. चाचणी लहान होती, एवढेच. घात झाला तो यष्टिमधूमुळे. यष्टिमधु म्हणजे खोकल्यात तोंडात धरायचा ज्येष्ठमध, हे शब्दांवर पोट भरणाऱ्या लेखिकेला सात आठवडे उमगले नाही, आणि चूर्ण गोड लागते म्हणून तिने त्याचे कौतुकही केले.

ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन हे द्रव्य मूत्रपिंडातील एका विकराला, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाला, अडवते. एरवी हे विकर कॉर्टिसॉलचे निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करते; ते अडले की कॉर्टिसॉल तेथेच टिकते आणि मीठ धरून ठेवणाऱ्या अल्डोस्टेरॉनची जागा बळकावते, ज्यामुळे शरीरात पाणी साचते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. थोडक्यात, कॉर्टिसॉल आवरण्यासाठी विकलेले चूर्ण मूत्रपिंडात त्याच कॉर्टिसॉलला मोकळे रान देत होते. यात नवे काही नाही: जठरव्रणासाठी ज्येष्ठमध घेणाऱ्या रुग्णांना सूज येते, हे रेव्हर्स या डच वैद्याने १९४६ मध्येच नोंदवले होते.

लेखिकेच्या रक्तदाबाच्या गोळीची मात्रा दोनदा वाढवली गेली, पण ‘आणखी काय घेता?’ हा प्रश्न तपासणीच्या खोलीत कोणी विचारला नाही. जिना चढताना मांड्या साथ देईनाशा झाल्या, पोटॅशियम २.८ आले (किमान ३.५ अपेक्षित असते), तेव्हा कोठे एका तरुण निवासी डॉक्टरने डबा आणायला सांगितला, भिंग मागवले आणि लेबलावरच्या बारीक अक्षरांतील ‘यष्टिमधु’वर बोट ठेवले. त्या क्षणी आलेला राग अद्याप ओसरलेला नाही. चूर्ण देणाऱ्या सल्लागाराला हे कळवल्यावर ‘ताई, नैसर्गिक वस्तू बाधत नाही, तुमची प्रकृतीच पित्ताची’ असे उत्तर मिळाले. लघवी वाढवणारी गोळी चालू असल्याचे पहिल्याच भेटीत लिहून दिलेला कागद त्याच्याच फायलीत होता.

असे चूर्ण घेणाऱ्याने लेबलावरील संस्कृत नावांचे घरगुती अर्थ आधी विचारून घ्यावेत. नाव असून प्रमाण नसेल, तर डबा परत करावा. युरोपीय वैज्ञानिक समितीने २००३ मध्ये ग्लिसिरायझिनची रोजची मर्यादा १०० मिलिग्रॅम सुचवली होती, परंतु चमचाभर भुकटीत ते किती आहे हे प्रमाणाशिवाय कोणालाच सांगता येत नाही. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर ज्येष्ठमध असलेले चूर्ण टाळावे. अश्वगंधेमुळे थायरॉइडची संप्रेरके वाढू शकतात आणि क्वचित यकृतालाही इजा झाल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा थायरॉइडच्या रुग्णांनी तीही परस्पर घेऊ नये. केसांसाठीच्या गोळ्यांतील बायोटिन काही संप्रेरक-चाचण्यांचे आकडे खोटे पाडते. रक्त देण्यापूर्वी ते किती दिवस थांबवायचे हे प्रयोगशाळेला विचारावे. झोप आणि चालणे यांचा उपदेश सर्वांनाच पाठ आहे.

चूर्ण थांबवल्यावरही त्याचा परिणाम लगेच गेला नाही. रक्तदाब जुन्या मात्रेवर स्थिरावायला तीन आठवडे लागले, आणि त्या अवधीत सल्लागाराकडून दुसऱ्या डब्यावर सवलत देणारे दोन निरोप आले.