परावटू ग्रंथी आणि हाडांचे आरोग्य

मनुष्याच्या गळ्यात, अवटू ग्रंथीच्या मागील बाजूस, तांदळाच्या दाण्याएवढ्या बहुधा चार परावटू ग्रंथी असतात. रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण स्थिर राखणे हे त्यांचे कार्य होय. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत साठविलेले असते. रक्तात ते कमी पडले की या ग्रंथींचा स्राव वाढतो, हाडे झिजविणाऱ्या पेशींचे कार्य बळावते आणि कॅल्शियम रक्तात उतरते. गरज भागताच स्राव ओसरतो.

परंतु एखाद्या ग्रंथीत गाठ झाली, तर रक्तात कॅल्शियम पुरेसे असूनही स्राव थांबत नाही. मग हाडांच्या ठेवीतून नित्य उचल होते. भरणा मात्र तेवढा होत नाही. मनगटाजवळील हाडाचे टणक कवच पातळ होते, मणके खचतात आणि किरकोळ पडण्यानेही हाड मोडते.

हा संबंध १९२५ साली व्हिएन्ना येथे स्पष्ट झाला. हाडे ठिसूळ झालेल्या एका ट्राम-कर्मचाऱ्यास, स्राव कमी पडत असावा अशा समजुतीने, प्रथम ग्रंथीचा अर्क देण्यात आला. गुण आला नाही. तेव्हा शल्यचिकित्सक फेलिक्स मांडल यांनी वाढलेली ग्रंथीच काढून टाकली आणि रुग्णाच्या वेदना शमल्या. ग्रंथीची वाढ हा हाडांच्या रोगाचा परिणाम नसून त्याचे कारण होते, असे दिसून आले.

म्हणून किरकोळ आघाताने हाड मोडल्यास केवळ वयाला बोल लावून स्वस्थ बसू नये. वैद्यकीय सल्ल्याने रक्तातील कॅल्शियम व परावटू स्राव तपासून घ्यावेत. सदोष ग्रंथी वेळीच काढल्यास हाडांची झीज पुष्कळ अंशी भरून येते.