सोमवारी सही करू नकोस

काल फोनवर तू म्हणालीस, "आक्का, भावजींनी संमतीचा कागद आणलाय, सोमवारी सही द्यायचीय." बाई, सोमवारी सही करू नकोस. भावजींवर माझा राग नाही. पाव्हणं गेल्यापासून त्यांनीच तुमचं घर धरलंय. पण संमतीनं दर मान्य केला की वाढीव मोबदला मागायची वाट जवळजवळ बंद होते, हे त्यांनाही कुणी सांगितलं नसणार.

"सरकार जमीन घेतंय" एवढंच तू बोललीस. कशासाठी, कोणत्या कायद्यानं, ते नोटिशीच्या डोक्यावर बघ. म्हसवड-धुळदेवच्या माळावर बंगळुरू-मुंबई कॉरिडॉरची एमआयडीसी ठरलीय, तिला १९६१चा कायदा. राष्ट्रीय महामार्गाला १९५६चा, त्यात राजपत्रात अधिसूचना आल्यापासून २१ दिवसांत हरकत द्यावी लागते. २०१३च्या भूसंपादन कायद्यात त्याच हरकतीला ६० दिवस मिळतात. म्हणून शेजारणीला काय मुदत होती ते विचारून चालत नाही. नोटीस हातात पडली ती तारीख पाकिटावरच लिहून ठेव.

आमची खालची पट्टी रस्त्यात गेली, तेव्हाचं तुला पुरतं सांगितलंच नव्हतं. संयुक्त मोजणीला माणसं आली त्या दिवशी मी बाजारला गेले होते. विहीर सातबाऱ्यावर चढवलेलीच नव्हती, म्हणून पंचनाम्यात आलीच नाही. पन्नास फूट खोल, दगडात फोडलेली विहीर गं, आणि कागदावर पडीक माळ! फेरमोजणीच्या अर्जासाठी दीड वर्ष हेलपाटे घातले. तू तसं होऊ देऊ नकोस. मोजणीला स्वतः बांधावर उभी राहा. विहीर, पाइपलाइन, डाळिंबाची झाडं, गोठा, सगळं मोजून लिहून घे आणि वाचल्याशिवाय पंचनाम्यावर अंगठासुद्धा लावू नकोस. ई-पीक पाहणीही दर हंगामाला भर. आंधळीच्या धरणात जिहे-कठापूरचं पाणी आलं, कुठंकुठं माळ भिजू लागला, पण सातबारा जिरायतच म्हणत राहिला तर दरही जिरायतीचाच धरतील.

दराचं गणित असं. २०१३च्या कायद्यात तीन वर्षांतली आसपासची नोंदलेली खरेदीखतं काढतात, त्यातल्या चढ्या दराच्या निम्म्या खतांची सरासरी धरतात. सरकारी रेडीरेकनर त्याहून जास्त असेल तर तो. गावाकडच्या जमिनीला त्यावर १ ते २चा गुणक, वर झाडं-विहिरीची किंमत, आणि त्या सगळ्याइतकीच दिलासा रक्कम. आपल्याकडं मुद्रांक वाचवायला खतात रक्कम कमी लिहितात, ती खोड इथं नडते. दुय्यम निबंधकाकडून चढ्या दराच्या खतांच्या नकला काढ. वकिलापेक्षा आधी तेच कागद बोलतात.

आता जरा अवघड बोलते. जमीन अजून मामंजींच्याच नावावर आहे ना? मग वारसनोंदीचा अर्ज आजच दे. पाव्हण्यांच्या वाट्यात तुझं आणि पोरांचं नाव लागलंच पाहिजे. दोन्ही नणंदांचीही नावं लागतील, ती लपवू नका. त्यांचा हक्क आहेच, आणि लपवलं तर वाटणीचा वाद कोर्टात जाऊन सगळ्यांचेच पैसे अडकतील.

पैसे येतील तेव्हा घे, पण "हरकत राखून स्वीकारले" असं लिहूनच घे. २०१३च्या कायद्यात तसं लिहिलं नाही तर वाढीव मोबदल्याचा अर्जच चालत नाही. निवाडा झाला तेव्हा तू हजर असलीस तर त्या अर्जाला सहाच आठवडे मिळतात. महामार्गाच्या जमिनीत तोच वाद लवादापुढं जातो.

वकिलाच्या फीची धास्ती सोड. १९८७च्या कायद्यानं बाईला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. दहिवडीच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज दे, नाहीतर १५१०० वर फोन कर. "मोबदल्यातले इतके टक्के माझे" म्हणणारा कुणी दारात आला तर त्याला चहा पाजून वाटेला लाव. निकालाच्या रकमेवर फी ठरवायला वकिलाला बार कौन्सिलची मनाई आहे, आणि मध्यस्थाला तर कसलाच हक्क नाही.

रविवारी येतेच मी. सातबारा, आठ-अ, फेरफार, नोटीस, मामंजींचा आणि पाव्हण्यांचा मृत्यूदाखला एका पिशवीत घालून ठेव. भावजींनाही घरी थांबायला सांग, त्यांच्यासमोरच वाचू सगळं.