वॉलरसचा सुळा आणि माझा अपुरा अभ्यास

गेल्या सत्रातील आंतरसदन वादविवाद स्पर्धेत मी ठासून म्हणालो होतो, "प्राण्यांच्या सुळ्यांवरची प्रत्येक कलाकुसर बंद झाली पाहिजे!" टाळ्या मिळाल्या. नंतर ग्रंथालयात अलास्कातील इन्युपियाक लोकांविषयी वाचले आणि माझा अभ्यास अपुरा होता हे कळले.

इन्युपियाक लोक अलास्काच्या उत्तर व वायव्य किनाऱ्यावर राहतात. तिथल्या थंडीत शेती होत नाही. वॉलरसचे मांस ते खातात. त्याचे कातडे उमियाक नावाच्या होडीच्या सांगाड्यावर ताणून बसवतात. सुळ्यांपासून पूर्वी हार्पूनची टोके, मुठी आणि भोके पाडण्याच्या हत्याराच्या कमानी बनत. या कमानींवर शिकारीची छोटी छोटी चित्रे कोरलेली असत.

एकोणिसाव्या शतकात देवमासे मारणारी जहाजे तिकडे आली. खलाशी देवमाशाच्या दातांवर चित्रे कोरत. या कलेला 'स्क्रिमशॉ' म्हणतात. तिची रीत सोपी वाटते: पृष्ठभाग घासून गुळगुळीत करायचा, सुईने रेषा ओरखडायच्या, वर काजळी किंवा शाई चोळायची आणि पुसून टाकायची. शाई फक्त रेषांत उरते. पण चुकलेली रेषा खोडरबराने जात नाही! नोम गावचा अंगोकवाझुक, म्हणजेच 'हॅपी जॅक', या कोरीव कामात सर्वांत नावाजला. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तो वारला.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. 1972 मध्ये आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला. पुढे 1986 च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. त्याच 1972 साली अमेरिकेनेही सागरी सस्तन प्राण्यांना संरक्षण दिले. मात्र अलास्काच्या मूळ रहिवाशांना अन्नासाठी आणि हस्तकलेसाठी शिकारीची मुभा ठेवली. अट एकच, नासाडी करायची नाही.

पुढे हत्ती वाचवण्यासाठी अमेरिकेतील काही राज्यांनी कडक कायदे केले. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात वॉलरसचा सुळाही आला आणि ज्यांनी हत्ती कधी मारला नाही, त्या कारागिरांच्या मालाचे गिऱ्हाईक तुटले. खरे तर दोन्हींतला फरक ओळखता येतो. आडव्या छेदात हस्तिदंतावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषा दिसतात, तर वॉलरसच्या सुळ्याचा गाभा शिजलेल्या साबुदाण्यासारखा दिसतो.

हत्ती वाचलाच पाहिजे, हे माझे मत आजही कायम आहे. पण पुढच्या वेळी 'प्रत्येक' हा शब्द वापरण्यापूर्वी मी आधी नीट चौकशी करीन.