एक पेय, अनेक नावे

अमेरिकेच्या दक्षिण भागात जॉर्जिया नावाचे राज्य आहे. तेथे उन्हाळा कडक असतो आणि दुपारच्या वेळी थंड पेयांना मोठी मागणी असते. अशाच एका दुपारी एक मुलगा दुकानात शिरतो व म्हणतो, "मला एक कोक द्या." दुकानदार विचारतो, "कोणता देऊ?" मुलगा उत्तर देतो, "संत्र्याचा." दुकानदार संत्र्याच्या स्वादाच्या पेयाची बाटली काढून त्याच्या हाती ठेवतो. या संभाषणात दोघांनाही काहीच चमत्कारिक वाटत नाही.

पुढे त्या मुलाच्या वडिलांची बदली उत्तरेकडील शिकागो शहरी होते. तेथेही तो दुकानात जाऊन कोक मागतो. दुकानदार काही न विचारता कोका-कोलाची बाटली त्याच्यापुढे ठेवतो. "मला संत्र्याचा कोक हवा होता," असे मुलगा म्हणताच शेजारी उभी असलेली मुले हसू लागतात. "संत्र्याचा कोक कधी असतो काय? त्याला पॉप म्हणतात," असे त्यांतील एक जण त्याला ऐकवतो. काही दिवसांनी तो मुलगा न्यूयॉर्कला मावशीकडे जातो आणि तेथे मोठ्या सावधपणे 'पॉप' मागतो. आता मावसभाऊ हसतो आणि म्हणतो, "पॉप काय म्हणतोस? सोडा म्हण!" बिचाऱ्या मुलाला प्रश्न पडतो, की यांतील बरोबर शब्द तरी कोणता?

हा प्रसंग कल्पित आहे. पण असा गोंधळ अमेरिकेत खरोखरच होतो. तेथे सर्वत्र इंग्रजी बोलली जाते, एकच वर्तमानपत्र दूरदूरच्या गावी वाचले जाते, तथापि बाटलीतल्या गोड, फसफसणाऱ्या पेयाला देशभर एक नाव नाही. ईशान्येकडील राज्यांत आणि पश्चिमेला कॅलिफोर्नियात 'सोडा' हा शब्द चालतो. पंचमहासरोवरांच्या काठच्या बहुतेक प्रदेशात आणि दूर वायव्येकडे 'पॉप' म्हणतात. दक्षिणेत पुष्कळ लोक कोणत्याही स्वादाच्या अशा पेयाला 'कोक' म्हणतात. त्यातही गंमत अशी, की 'पॉप' म्हणणाऱ्या मुलखाच्या आसपास सेंट लुई आणि मिलवॉकी या शहरांच्या परिसरात 'सोडा' हाच शब्द रूढ आहे. जणू समुद्रात मधूनच बेट दिसावे!

हे शब्द कोणी मनाला येईल तसे ठरविलेले नाहीत. प्रत्येकाच्या मागे काही इतिहास आहे.

'सोडा' या शब्दाचा माग काढीत गेले, की माणूस इंग्लंडमधील लीड्स शहरी जाऊन पोहोचतो. तेथे १७६७ साली जोसेफ प्रीस्टली हा शास्त्रज्ञ मद्य तयार करण्याच्या एका कारखान्याशेजारी राहत होता. आंबत ठेवलेल्या द्रवाच्या पिंपांवर एक जड वायू साचून राहतो, हे त्याने पाहिले. तो वायू पाण्यात मिसळला असता पाण्याला किंचित आंबूस व झणझणीत चव येते, असे त्याला आढळून आले. हाच कार्बन डायऑक्साइड वायू होय. प्रीस्टलीने ही कृती १७७२ साली एका छोट्या पुस्तकाद्वारे प्रसिद्ध केली. पुढे असे पाणी विकण्यासाठी तयार होऊ लागले, तेव्हा त्यात सोडियमचे क्षार घालीत. म्हणून त्याला 'सोडावॉटर' हे नाव मिळाले. अमेरिकेत औषधांच्या दुकानांतून हे पाणी विकले जाई. त्यात फळांच्या स्वादाचे पाक मिसळून गोड पेये तयार होऊ लागली. त्यांत सोड्याचा क्षार असो वा नसो, त्यांचे नाव मात्र सोडाच राहिले. ज्या पदार्थावरून नाव पडले तो पदार्थ नाहीसा होतो आणि नाव टिकते, हा अनुभव मराठीलाही आहे. 'शिसपेन्सिल' या शब्दात शिसे आहे. पण त्या पेन्सिलीत शिसे मुळीच नसते, असते ते ग्रॅफाइट.

'पॉप' या शब्दाचा जन्म आवाजातून झाला. वायू भरलेल्या पाण्याच्या बाटल्यांना पूर्वी बुचे घट्ट बसवीत. बूच काढताच आतील वायूच्या दाबाने 'पॉप्' असा आवाज होई. रॉबर्ट साउदी या इंग्रज कवीने १८१२ साली एका पत्रात या नव्या पेयाचा उल्लेख केला आहे आणि बूच उडण्याच्या आवाजावरूनच त्याला हे नाव पडल्याचे सांगितले आहे. आवाजावरून वस्तूला नाव देण्याची ही रीत मराठी माणसाला परकी नाही. मोटारसायकलला 'फटफटी' हे नाव याच रीतीने मिळाले. ते कोणा पंडिताने सुचविले नाही. ज्यांनी तो आवाज ऐकला, त्यांनीच ते दिले.

'कोक' या शब्दाची हकीकत निराळी आहे. जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरी जॉन पेम्बर्टन या औषधविक्रेत्याने १८८६ साली कोका-कोला हे पेय तयार केले. ते त्या भागात इतके लोकप्रिय झाले, की लोकांनी त्याचे नाव तोडून 'कोक' असे सुटसुटीत करून टाकले. कंपनीला आरंभी हे रुचले नाही. पेय पूर्ण नावानेच मागावे, असा तिचा आग्रह होता. पण लोकांच्या जिभेपुढे कोणाचे चालते! शेवटी १९४१ पासून कंपनीने स्वतःच्या जाहिरातींत हे छोटे नाव वापरण्यास सुरुवात केली आणि १९४५ साली त्याची आपले व्यापारचिन्ह म्हणून नोंदही केली. दक्षिणेतील लोक मात्र याच्याही पुढे गेले. एका पेयाचे नाव त्यांनी साऱ्या जातीलाच देऊन टाकले. महाराष्ट्रातही वनस्पती तुपाचा कोणताही डबा घरोघरी 'डालडा' या नावाने ओळखला गेला, तो याच न्यायाने.

याखेरीज बोस्टन शहराच्या परिसरात आणखी एक शब्द होता. तेथील लोक अशा पेयाला 'टॉनिक' म्हणत. टॉनिक म्हणजे शक्तिवर्धक औषध. ही पेये औषधांच्या दुकानांतून विकली जात आणि ती प्रकृतीला हितकारक आहेत अशी त्यांची जाहिरात होई, त्या काळाची आठवण या नावात साठलेली आहे.

अमेरिकेबाहेर पाहिले, तर नावांची ही यादी आणखी वाढते. स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या परिसरात कोणत्याही फसफसणाऱ्या पेयाला 'जिंजर' म्हणजे आले म्हणण्याची रीत आहे, मग त्यात आल्याचा अंशही नसो. आयर्लंडमध्ये त्याला 'मिनरल' म्हणतात. कारण खनिज झऱ्यांच्या पाण्याचे अनुकरण करण्यातूनच ही पेये निघाली. दक्षिण आफ्रिकेत आणि दक्षिण भारतात 'कूल ड्रिंक' हा शब्द प्रचलित आहे. महाराष्ट्रात पाहुणा आला, की यजमान विचारतो, "चहा घेणार, की थंड?" येथे 'थंड' हे विशेषण राहिलेले नाही, ते पेयाचे नावच झाले आहे. हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाने १८७२ साली काचेची गोटी बसविलेल्या बाटलीचे पेटंट घेतले. ही बाटली भारतात आली, तेव्हा महाराष्ट्रात तिच्यातील पेय 'गोटी सोडा' झाले, तमिळ व तेलुगू मुलखांत ते 'गोली सोडा' झाले. तीच बाटली जपानमध्येही गेली. तेथे 'लेमोनेड' या इंग्रजी शब्दाचा उच्चार जपानी वळणाने होऊन 'रामुने' हे नाव तयार झाले. बाटली एक, गोटी एक. पण प्रत्येक देशाने तिला आपल्या बोलीचा पोशाख चढविला.

हे सारे शब्द एकत्र ठेवून पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. कोणी वस्तूतील द्रव्याकडे पाहिले, कोणी तिच्या आवाजाकडे, कोणी तिच्या गुणाकडे, कोणी ती बनविणाऱ्याकडे, तर कोणी तिच्या गारव्याकडे. वस्तू एकच होती, तिच्याकडे पाहण्याच्या दृष्टी अनेक होत्या. म्हणून यांतील अमुक शब्द शुद्ध आणि तमुक अशुद्ध, असा निवाडा करता येत नाही. त्या मुलाचा 'संत्र्याचा कोक' हा जॉर्जियात चुकीचा नव्हता. शिकागोत तो समजला नाही, एवढेच. 'न समजणे' आणि 'चूक असणे' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या एकच आहेत असे मानल्यामुळेच दुसऱ्याच्या बोलण्यास माणसे हसतात.

असे हसणे वरवर निरुपद्रवी दिसते. पण ज्याला हसतात त्याच्या मनात ते खोल रुतून बसते. कोकणातील एखादी मुलगी शिक्षणासाठी पुण्यास येते. घरी सरबतासाठी आणि कढीसाठी लागणाऱ्या आंबट फळाला तिच्याकडे 'रातांबा' म्हणतात. त्याच्या वाळविलेल्या सालींना मालवणकडे व गोव्यात 'सोलां' म्हणतात. पुण्यातील दुकानात त्याच साली 'आमसुले' या नावाने मिळतात, अन्यत्र 'कोकम' या नावाने. मुलीने दुकानात 'सोलां' मागितली आणि चार जण हसले, तर ती तो शब्द पुन्हा उच्चारीत नाही. हळूहळू ती घरचे इतर शब्दही गिळू लागते. सुटीत गावी गेल्यावर आजीचे बोलणे तिला संकोचाचे वाटू लागते. एका शब्दाला हसण्याचा परिणाम असा एका घराच्या बोलीपर्यंत जाऊन पोहोचतो.

बोस्टनच्या 'टॉनिक' या शब्दाचेही भाग्य फिरले. तो आता मुख्यतः वृद्धांच्या तोंडी उरला आहे. तरुण पिढी 'सोडा' म्हणते. कोणी त्या शब्दावर बंदी घातली नाही. मुलांनी तो वापरणे सोडले, एवढे पुरेसे झाले.

शब्द असे नाहीसे होण्यापूर्वी ते टिपून ठेवावेत, या हेतूने विद्वानांनी मोठे परिश्रम केले आहेत. विस्कॉन्सिन विद्यापीठातील प्राध्यापक फ्रेडरिक कॅसिडी यांच्या नेतृत्वाखाली १९६५ ते १९७० या काळात अनेक कार्यकर्ते अमेरिकाभर हिंडले. एक हजारांहून अधिक वस्त्यांमध्ये जाऊन त्यांनी तेथील रहिवाशांना सोळाशेहून अधिक प्रश्न विचारले. स्वयंपाकघर, शेत, हवामान, खेळ, आजार, सणवार अशा रोजच्या गोष्टींना तुम्ही काय म्हणता, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. या सामग्रीवरून सिद्ध झालेल्या प्रादेशिक इंग्रजीच्या कोशाचा पहिला खंड १९८५ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत दहा हजारांहून अधिक लोकांनी पेयाच्या नावाविषयी आपण होऊन उत्तरे दिली. त्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक लोक 'सोडा' म्हणणारे, सुमारे चौथा हिस्सा 'पॉप' म्हणणारे आणि सुमारे आठवा हिस्सा 'कोक' म्हणणारे निघाले.

भारतातही असे कार्य झाले आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीतील मराठीचा खंड १९०५ साली निघाला. पुढे डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठीच्या बोलींचे गावोगावचे नमुने गोळा करून त्यांवर ग्रंथ सिद्ध केले. अलीकडच्या काळात पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी महाराष्ट्रातील बोलींची नव्याने पाहणी हाती घेतली. या कार्यकर्त्यांनी शब्द विचारले ते केवळ विद्वानांना नव्हे. शेतकरी, गृहिणी, कारागीर हेच या अभ्यासातील जाणकार होत.

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे मराठीत म्हणतात. ही म्हण पुष्कळदा थट्टेने उच्चारली जाते. वस्तुतः ती भाषेच्या वैभवाची खूण आहे. सर्वांना समजेल अशी प्रमाण भाषा प्रत्येकाला यावयास हवी, कारण तिच्यामुळे दूरची माणसे जोडली जातात. पण त्यासाठी घरची बोली टाकून देण्याचे कारण नाही. दोन्ही बोलता येणे हे अधिक समृद्ध होणे होय. शिकागोच्या दुकानातील मुलांपैकी एकाने जरी हसण्याऐवजी विचारले असते, "तुमच्याकडे याला कोक म्हणतात काय? का बरे?", तर त्या मुलाची मान खाली गेली नसती आणि विचारणाऱ्याला एका नव्या मुलखाची ओळख झाली असती. अपरिचित शब्द कानी पडला असता हसावे की विचारावे, यावरच माणसाचे शिक्षण ओळखले जाते.

अभ्यास

१. 'सोडा', 'पॉप', 'कोक' व 'टॉनिक' ही नावे कशावरून पडली, ते प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत लिहा.

२. "'न समजणे' आणि 'चूक असणे' या दोन निराळ्या गोष्टी आहेत." हे विधान पाठातील प्रसंगाच्या आधारे स्पष्ट करा.

३. 'फटफटी'प्रमाणे आवाजावरून तयार झालेले आणखी चार मराठी शब्द शोधा.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : माग काढणे, मनात रुतून बसणे, मान खाली जाणे.

५. घरातील अथवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसांना विचारून, आता क्वचित ऐकू येणारे दहा शब्द त्यांच्या अर्थांसह वहीत लिहा. प्रत्येक शब्दापुढे तो कोणत्या गावचा आहे, हेही नोंदवा.