आजारी कुंपणाची परीक्षा व उपचार

हिरव्या कुंपणाची पाने पिवळी पडली, की फवारणीची घाई होते. परंतु पुष्कळदा दोष पानांत नसून जमिनीत असतो. जमीन न सुधारता नवी रोपे लावल्यास तीही मरतात व खर्च वाया जातो. शेताच्या कुंपणास अशी खिंडारे पडली, तर उभे पीक गुरांच्या तोंडी जाते.

मीरा-भाईंदरचा परिसर खाडीकाठचा व मिठागरांचा आहे. तेथील पूनम सागरसारख्या वसाहतींत कुंपण लावताना खारे पाणी व भरावाची माती या दोहोंचा विचार करणे अगत्याचे आहे. पावसाळा सरल्यावर खालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर चढते. पाणी उडून जाते व क्षार मुळांशी साचतात.

लक्षणे

१. जुन्या पानांचे शेंडे व कडा करपणे, मातीवर पांढरी पापडी येणे : क्षारांचा त्रास.

२. कोवळी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या : लोहाची उणीव. चुना व राबिट मिसळलेल्या भरावात ही विशेष आढळते.

३. ओल असूनही झाड सुकणे, मुळे काळी पडून त्यांची साल सुटणे : पाणी साचून मुळे कुजली आहेत.

४. शेंड्यांवर कापसासारखे पुंजके, चिकटा व मुंग्या : पिठ्या ढेकूण.

फांदीची साल नखाने खरवडावी. आत हिरवी असल्यास फांदी जिवंत समजावी. कुंपणाजवळ एक हात खोल खड्डा करून पाणी भरावे. ते दुसऱ्या दिवशीही उभे राहिल्यास निचरा नाही असे जाणावे.

उपाय

प्रथम उताराकडे चर काढावा. निचऱ्याची वाट मिळाली, की पावसाचे गोडे पाणी क्षार धुऊन नेते. उतार नसल्यास वीतभर उंच वाफा करून त्यात कुजलेले शेणखत मिसळावे. उन्हाळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे. जिप्सम हा सामू ८.५ हून अधिक असलेल्या चोपण जमिनीचा उपाय होय. माती परीक्षणाविना त्यावर खर्च करू नये.

पिठ्या ढेकणाच्या फांद्या छाटून पिशवीत बंद कराव्यात, उरलेल्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवाव्यात व ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. जहाल विषाने मित्रकीटकही मरतात. पपईवरील पिठ्या ढेकूण भारतात २००८ साली कोईमतूर येथे आढळला. तो जास्वंदीवरही पोसतो. २०१० साली परदेशातून आणलेल्या परोपजीवी कीटकांनी त्यास आवर घातला, हे ध्यानी ठेवावे.

छाटणी व पुनर्लागवड

कुंपण तळाशी रुंद व माथ्याशी अरुंद ठेवावे, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळून तळ उघडा पडत नाही. जुन्या कुंपणाची भारी छाटणी पावसाच्या आरंभी, एका वर्षी एकाच बाजूची करावी.

मेलेल्या जागी कोयनेल लावावी. ही वनस्पती खाडीकाठी आपोआप वाढते, म्हणून क्षार सोसते. खारजमिनीच्या बांधावरील कुंपणासही हाच क्रम लागू आहे : आधी निचरा, मग माती, शेवटी औषध.