एक्झोसोमचं इंजेक्शन घ्यावं का?

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे, गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. एका क्लिनिकने हृदयासाठी ‘एक्झोसोम’चं इंजेक्शन सुचवलंय. घ्यावं का?

उत्तर : सध्या मुळीच घेऊ नका. एक्झोसोम म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या पिशव्या. त्यांतून प्रथिनं आणि आरएनए एका पेशीकडून दुसरीकडे जातात. संशोधन खरं आहे, मला त्याविषयी आशाही आहे. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात लठ्ठ उंदरांच्या चरबीतल्या रोगप्रतिकारक पेशींचे एक्झोसोम सडपातळ उंदरांना दिले, तेव्हा त्यांचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देईना. सडपातळांचे लठ्ठांना दिल्यावर सुधारणा दिसली! विलक्षणच हे. हृदयविकाराच्या झटक्यानंतरची इजा कमी झाल्याचंही उंदरांत दिसलंय. पण शिरेतून दिलेल्या बऱ्याचशा पिशव्या यकृतात आणि प्लीहेतच अडकतात. हृदयापर्यंत थोड्याच पोचतात. प्रत्येक बॅच सारखी बनवणंही कठीण. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१९ मध्येच अशा उत्पादनांबाबत जाहीर इशारा दिला होता.

वडिलांच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आणि स्टॅटिन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. क्लिनिकवाले ‘ही चाचणी आहे’ म्हणाले, तर सीटीआरआयचा (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागा आणि इंजेक्शनचे पैसे कशाबद्दल घेता, हेही विचारा.